माझं गाणं का नाही वाजलं? लाइव्ह कार्यक्रमातल्या गाण्यांच्या यादीमागचं गणित

18, 19 आणि 21 जानेवारी 2025 ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. त्याच मैदानावर 15 डिसेंबर 2019 ला यूटू वाजवून गेले होते. जगभर गाजलेला बँड मुंबईत येणं आता पूर्वीइतकं अप्रूपाचं राहिलेलं नाही. पण प्रत्येक कार्यक्रमानंतर कुणाच्या ना कुणाच्या मनात एक रुखरुख उरतेच. महिनाभर आधी तिकीट काढलं, दुपारपासून रांगेत उभे राहिलो, आणि जे एक गाणं ऐकायला गेलो होतो तेवढंच नेमकं वाजलं नाही.

असं का होतं, हे कळलं तर ती रुखरुख बरीच हलकी होते. शिवाय पुढच्या कार्यक्रमाला जाताना कशाची आशा धरायची आणि कशाची नाही, हेही कळतं. कोणती गाणी घ्यायची हे ठरवताना बँडला घड्याळ सांभाळावं लागतं, गायकाचा गळा सांभाळावा लागतो, गिटारच्या तारा आणि मागे चालणारे संगणकही सांभाळावे लागतात. आवडनिवड त्यानंतर येते.

यादी म्हणजे नेमकं काय

कार्यक्रमात वाजवायच्या गाण्यांच्या क्रमवार यादीला सेटलिस्ट म्हणतात. पुढे आपण तिला नुसती यादीच म्हणू.

ती बहुतेक वेळा साध्या ए-फोर कागदावर, अंधारातही वाचता येईल अशा ठळक अक्षरांत छापलेली असते आणि प्रत्येक वादकाच्या पायाशी चिकटपट्टीने जमिनीला चिकटवलेली असते. गाण्यांची पूर्ण नावं त्यावर क्वचितच असतात. बँडमध्ये वापरात असलेला एखादा शब्द पुरतो. काही नावांपुढे खूण असते, ती या गाण्याला गिटार बदलायची आहे म्हणून. शेवटच्या दोन-तीन गाण्यांच्या वर एक आडवी रेघ असते. त्या रेघेशी आलं की बँड नमस्कार करून आत जातो आणि टाळ्यांच्या गजरात परत येतो.

हाच कागद आणखी चार-पाच जणांकडे असतो आणि प्रत्येकाच्या प्रतीवर वेगळ्या नोंदी असतात. गिटारी सांभाळणाऱ्याच्या प्रतीवर कोणत्या गाण्याला कितव्या क्रमांकाची गिटार ते लिहिलेलं असतं. आवाज सांभाळणाऱ्याच्या मिक्सरमध्ये प्रत्येक गाण्याची मांडणी आधीच साठवलेली असते: कुठे गायकाच्या आवाजाला घुमारा द्यायचा, कुठे कीबोर्ड वर आणायचा. प्रकाशयोजना करणाऱ्याचंही तसंच. म्हणजे बँडने मध्येच एक गाणं बदललं तर चार वादकांपुरतं भागत नाही, मंचाच्या कडेला आणि मैदानाच्या मधोमध बसलेल्या सगळ्यांची धावपळ होते.

आधी घड्याळाचं बघू

महाराष्ट्रात मोकळ्या जागेतल्या कार्यक्रमाचा खरा मालक रात्रीचे दहा हा असतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात मोकळ्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, पण वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस, आणि ते बहुतेक गणपती-नवरात्रात खर्ची पडतात. 30 एप्रिल 2023 ला पुण्यात राजा बहादूर मिलच्या आवारात ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम दहा वाजून गेल्यामुळे पोलिसांनी मंचावर येऊन थांबवला होता. मुंबईतल्या जुन्या रॉक श्रोत्यांना धोबीतलावचं रंगभवन आठवत असेल. शांतता क्षेत्रात येत असल्यामुळे तिथले कार्यक्रम बंद पडले.

आता हिशोब मांडू. मुख्य बँड पावणेआठला मंचावर आला आणि नऊ पंचावन्नला थांबायचं असेल, तर हातात 130 मिनिटं राहतात. लोकांशी बोलणं, गिटार बदलणं, घोटभर पाणी, रेघेवरचं आत जाऊन परत येणं, यात पंधरा मिनिटं सहज जातात. उरली 115. ध्वनिमुद्रित गाणं चार मिनिटांचं असलं तरी लाइव्ह वाजवताना सुरुवात लांबते, शेवट लांबतो, मध्ये लोक गातात. पाच मिनिटं धरा. म्हणजे तेवीस गाणी. हा झाला आठ-दहा अल्बम नावावर असलेल्या, शंभरावर गाणी असलेल्या बँडचा हिशोब. पाचांतली चार गाणी बाहेर राहणार हे कार्यक्रम ठरला त्याच दिवशी पक्कं झालेलं असतं.

महोत्सवात तर एका दिवसात कितीतरी बँड वाजवतात. तिथे मुख्य बँडलासुद्धा साठ ते नव्वद मिनिटं मिळतात. त्यामुळे महोत्सवात दुर्मीळ गाण्याची अपेक्षा शक्यतो ठेवू नये. तिथे समोरचे निम्मे लोक दुसऱ्याच कुणासाठी आलेले असतात.

एक लांब गाणं किती महाग पडतं

1 फेब्रुवारी 2008 ला वांद्रे-कुर्ला संकुलात आयर्न मेडनने आपल्या जागतिक दौऱ्याचा नारळ मुंबईत फोडला. बँडची माणसं, तंत्रज्ञ आणि सामान घेऊन आलेलं बोइंग 757 विमान त्यांचे गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवत होते. दौऱ्याचा विषय होता त्यांची ऐंशीच्या दशकातली गाणी. यादीत सोळा गाणी होती आणि त्यातलं एक होतं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'. 1984 च्या अल्बमवरचं हे गाणं जवळजवळ पावणेचौदा मिनिटांचं आहे. कोलरिजच्या दीर्घकवितेवर बेतलेलं, आणि मधला एक तुकडा इतका संथ की जहाजाच्या फळ्या करकरल्याचा भास व्हावा.

यादी करणाऱ्याच्या नजरेतून याकडे बघा. तेवढ्या वेळात तीन गाजलेली गाणी बसतात. तीन गाण्यांचे चाहते नाराज करून एका गाण्याच्या चाहत्यांना द्यायचं, असा हा सौदा. शिवाय तो संथ तुकडा मैदानावर पेलायचा म्हणजे हजारो लोक शांत राहतील एवढा विश्वास लागतो. बँडने तो विश्वास टाकला, आणि बरीच वर्षं न वाजवलेलं हे गाणं त्या दौऱ्यात सगळ्यांच्या आधी मुंबईकरांच्या कानावर पडलं. चाहता म्हणून याहून मोठा मान नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं.

एकाच मैदानात दोन तऱ्हेचे श्रोते

घड्याळानंतर येतात माणसं. प्रत्येक मोठ्या कार्यक्रमात दोन तऱ्हेचे श्रोते असतात. एका गटाला बँडची दहा-बारा गाणी माहीत असतात, ती सगळ्यांबरोबर गळा काढून गायची असतात. दुसऱ्या गटाला तीच गाणी ऐकून ऐकून पाठ झालेली असतात. त्यांना हवं असतं अल्बमच्या दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं, जे रेडिओवर कधी लागलं नाही. इंग्रजीत अशा गाण्याला डीप कट म्हणतात, आपण आडवळणाचं गाणं म्हणू.

दोघांच्याही अपेक्षा रास्त आहेत. अडचण एवढीच की स्टेडियम पहिल्या गटाशिवाय भरत नाही आणि बँडला वाईट दिवसांत तगवून ठेवतो तो दुसरा गट.

म्हणून यादी लग्नाच्या पंगतीसारखी लावली जाते. सुरुवातीला दोन-तीन ओळखीची, वेगवान गाणी, कारण पहिल्या दहा मिनिटांत आवाज नीट बसायचा असतो. रिकाम्या मैदानावर दुपारी केलेली जुळवाजुळव संध्याकाळी गर्दी भरल्यावर बदलते. माणसांची शरीरं आवाज शोषतात. पहिलं गाणं वाजत असताना मिक्सरवरची माणसं तो फरक भरून काढत असतात. त्यामुळे अनुभवी बँड नाजूक गाणं सहसा पहिलं ठेवत नाही. मधल्या भागात संथ, नवी, आडवळणाची गाणी येतात. शेवटचा अर्धा तास पुन्हा सगळ्यांच्या तोंडी असलेल्या गाण्यांचा.

हे गणित उलटं पडलं तर काय करायचं, याचं नामी उदाहरण यूटूच्या त्या 2019 च्या कार्यक्रमाचं. 'द जोशुआ ट्री' हा 1987 चा अख्खा अल्बम, अकराही गाणी, मूळ क्रमाने वाजवायची असं दौऱ्याचं स्वरूप होतं. पण त्या अल्बमची पहिली तीन गाणीच सगळ्यांत गाजलेली आहेत. अल्बमनेच सुरुवात केली असती तर वीस मिनिटांत शिखर गाठून पुढे उतरण. म्हणून त्यांनी आधी त्याहून जुनी गाणी घेतली, मध्ये पूर्ण अल्बम, आणि शेवटी नंतरच्या काळातली गाजलेली गाणी. उतरणीला पुन्हा चढ लावला.

गाजलेलं गाणं बँडलाच नकोसं होतं, असंही घडतं. रेडिओहेडचं 'क्रीप' 1992 सालचं. त्याच एका गाण्याने ओळखलं जाणं त्यांना जाचू लागलं, आणि त्यांनी ते वर्षानुवर्षं वाजवलंच नाही. 2016 च्या दौऱ्यात ते पुन्हा ऐकू आलं, तेही ठरवून रोज नाही. ज्यांच्या वाट्याला आलं त्यांच्यासाठी ती कायमची आठवण झाली.

गळा आणि पट्टी

पंचविसाव्या वर्षी स्टुडिओत गायलेला स्वर पंचावन्नाव्या वर्षी, आठवड्यातून तीनदा, दोन तास उभं राहून लावायचा, ही साधी गोष्ट नाही. स्टुडिओत तो वरचा स्वर दहा वेळा घेऊन त्यातला उत्तम ठेवता येतो. मंचावर एकदाच.

त्यावरचा रूढ उपाय म्हणजे पट्टी उतरवणं. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीनमधलं गाणं काळी दोनमध्ये घ्यायचं. अर्धा स्वर खाली. मेटालिका नव्वदच्या दशकापासून मंचावर गिटारी अर्धा स्वर उतरवूनच वाजवतात. बहुतेकांच्या कानाला हा फरक कळत नाही. कळला तर गाणं किंचित जड, गडद वाटतं, एवढंच. त्याला कमीपणा समजू नये. आपल्याकडे तर गायकाने आपली पट्टी निवडायची हा पहिला धडा असतो.

दुसरा उपाय यादीच्या क्रमात असतो. गळ्याला ताण देणारी दोन गाणी सहसा पाठोपाठ येत नाहीत. मध्ये एखादं खालच्या पट्टीतलं, एखादा नुसता गिटारचा किंवा ड्रमचा तुकडा टाकलेला असतो. ड्रमरचंही तसंच. दोन्ही पायांनी वेगात बास ड्रम मारायची तीन गाणी सलग वाजवली तर चौथ्यात पाय भरून येतात आणि लय घसरते. तुमचं गाणं गळ्यावर फार चढं असेल आणि दुसऱ्या दिवशी त्याच शहरात पुन्हा कार्यक्रम असेल, तर ते गळण्याची शक्यता वाढते.

गिटार बदलायला वीस सेकंद

सगळी गाणी एकाच जुळणीत नसतात. काहींना सर्वांत जाड तार एक पूर्ण स्वर खाली हवी असते, काहींना सगळ्याच तारा उतरवलेल्या. मग मंचावर तीच गिटार पुन्हा जुळवून का घेत नाहीत? साध्या गिटारवर एक तार उतरवता येतेही. पण तारा ज्यावर टेकतात तो पूल (ब्रिज) स्प्रिंगवर तरंगता असलेल्या गिटारवर एक तार सैल केली की उरलेल्या पाचही सरकतात. सगळ्या पुन्हा जुळवायला काही मिनिटं लागतील. शिवाय तारा फार उतरवल्या की त्या लोळतात, त्यामुळे तिथे मुळात जाड तारा चढवलेली गिटारच लागते. म्हणून प्रत्येक जुळणीची गिटार वेगळी असते, आणि तार तुटली तर हाताशी असावी म्हणून बहुतेकांची जोडीदारीणही.

मंचाच्या कडेला त्यांची मांडणी असते. मुंबईच्या दमट हवेत वातानुकूलित खोलीतून गिटार थेट बाहेर आणली तर लाकूड आणि तारा दोन्ही हलतात, म्हणून त्या बऱ्याच आधी बाहेर आणून हवेला सरावू दिल्या जातात. गाणं संपत आलं की गिटारी सांभाळणारा पुढची गिटार गळ्यात अडकवून अंधारात उभा राहतो. शेवटचा ठोका पडतो, प्रकाश गायकावर जातो, गायक बोलायला लागतो. तेवढ्यात एक गिटार खांद्यावरून उतरते, दुसरी चढते. वीस सेकंद. गायकाचं ते "मुंबई, कसे आहात" बऱ्याचदा या वीस सेकंदांसाठीच असतं.

याचा परिणाम असा की एकाच जुळणीची गाणी यादीत शक्यतो जवळजवळ ठेवली जातात. तुमच्या लाडक्या गाण्याची जुळणी त्या दौऱ्यात आणखी कुठल्याच गाण्याला लागत नसेल, तर एका गाण्यासाठी दोन गिटारींची पेटी जगभर हिंडवायची का, हा प्रश्न येतो. उत्तर अनेकदा नाही असंच येतं.

संगणकाला बांधलेली गाणी

मोठ्या कार्यक्रमांत वादकांच्या कानात एक टकटक चालू असते. तिला क्लिक म्हणतात. तबलजीला लेहरा जसा धरून ठेवतो, तशी ती सगळ्यांना एका लयीत धरते. त्याच संगणकातून एक अदृश्य घड्याळही धावत असतं. तास, मिनिट, सेकंद आणि सेकंदाचाही अंश मोजणारं. दिवे, पडद्यावरची चित्रं, लेझर हे सगळं त्या घड्याळाबरहुकूम चालतं. कोल्डप्लेच्या कार्यक्रमात प्रत्येकाच्या मनगटावर चमकणारे पट्टे असतात. अख्खं स्टेडियम एका ठोक्यावर निळ्याचं पिवळं होतं, ते दुरून दिलेल्या संदेशांमुळे.

हे बांधकाम एकदा झालं की त्यात नवं गाणं घुसवणं म्हणजे त्याचे दिवे, चित्रं, संदेश सगळं नव्याने रचणं. दुपारी वाटलं आणि रात्री वाजवलं, असं होत नाही. म्हणून अशा कार्यक्रमांत बदलाला जागा ठेवायची तर ती आधीच ठरवून ठेवतात: एखाद-दुसरं गाणं नुसत्या गिटारवर किंवा पियानोवर, साध्या प्रकाशात. कोल्डप्लेचा त्या दौऱ्यातला कार्यक्रम चार भागांत विभागलेला होता आणि त्यातला काही भाग ते मैदानाच्या मागच्या बाजूच्या छोट्या मंचावर जाऊन वाजवत. अशा छोट्या मंचावर अवाढव्य पडद्याचं ओझं नसतं, त्यामुळे अनपेक्षित गाण्याची आशा धरायची तर तिथे.

मग हे सगळं आधीच भरून ठेवलेलं, म्हणजे फसवणूकच ना?

सरसकट नाही. स्टेडियमवर आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मंचापासून 100 मीटरवर उभे असाल तर ठोका तुमच्यापर्यंत यायला सुमारे 0.3 सेकंद लागतात. तुम्ही त्यावर टाळी दिलीत, ती मंचावर पोचायला आणखी 0.3. मिनिटाला 120 ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर असतं. म्हणजे मागच्या रांगांची टाळी वादकाला एका ठोक्यापेक्षा जास्त उशिरा ऐकू येते. कानात स्वतःचा, वेळेवरचा आवाज नसेल तर हजारो लोक मिळून वादकाला बेताल करतील. क्लिक ही स्टेडियमची गरज आहे.

चौघांना मिळून वाजवता येणार नाहीत असे व्हायोलिनचे थर संगणकातून सोडणं हेही मला मान्य आहे. पण मुख्य गायकाचा आवाजच आधी भरून आणला असेल, तर श्रोत्याने रागावण्याचा पूर्ण हक्क बजावावा. ओळखायची खूण सांगतो: गायक धावतो, उडी मारतो, माइक तोंडापासून लांब नेतो, तरी आवाज तसूभर हलत नाही. खऱ्या गाण्यात श्वास ऐकू येतो. क्लिकला बांधलेल्या कार्यक्रमाची खरी किंमत वेगळीच आहे. गाणं रंगलं म्हणून चार आवर्तनं वाढवावीत, ही मुभा जवळजवळ संपते.

जुनी गाणी सोडून नवी कशाला?

2006 साली आयर्न मेडनने आपला नवा, सुमारे 72 मिनिटांचा अल्बम दौऱ्यात अथपासून इतिपर्यंत वाजवला. जुन्या गाण्यांसाठी श्रोत्यांतून आरडाओरडा झाला. पुढच्या वर्षी त्यांनी नव्या गाण्यांची संख्या दहावरून पाचवर आणली, आणि 17 मार्च 2007 ला त्याच दौऱ्यात ते बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर पहिल्यांदा भारतात वाजवायला आले.

मी यात बँडच्या बाजूने आहे. आज जुनं झालेलं प्रत्येक गाणं कधीतरी नवं होतं आणि कुणीतरी ते पहिल्यांदा ऐकताना पेयाच्या रांगेत उभं होतं. नवी गाणी वाजवणं थांबवलेला बँड हळूहळू स्वतःचीच नक्कल करायला लागतो. एका कार्यक्रमात चार-पाच नवी गाणी हे प्रमाण मला योग्य वाटतं. घरून निघण्यापूर्वी नवा अल्बम तीनदा ऐका, बाकी काही करू नका. चौथ्यांदा मैदानावर ऐकाल तेव्हा ते ओळखीचं झालेलं असेल.

रोज तीच यादी वाजवणं हा आळस नाही का?

काही बँड दौराभर एकच यादी वाजवतात. दुसऱ्या टोकाचे बँडही आहेत. अमेरिकेतले ग्रेटफुल डेड रोज वेगळं वाजवत. 1984 पासून त्यांनी कार्यक्रम ध्वनिमुद्रित करणाऱ्या श्रोत्यांसाठी राखीव जागाच दिली होती. 'डार्क स्टार' हे त्यांचं गाणं जुलै 1984 नंतर पाच वर्षं कुणी ऐकलं नव्हतं. ऑक्टोबर 1989 मध्ये व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इथे त्यांनी आपल्या नेहमीच्या नावाऐवजी 'पूर्वीचे वॉरलॉक्स' अशी जाहिरात करून कार्यक्रम ठेवले आणि दुसऱ्या रात्री ते गाणं सुरू झालं. पहिल्या चार सुरांनंतर काय गजर झाला तो त्या रात्रीच्या ध्वनिमुद्रणात आजही ऐकता येतो. फिश या बँडने तर 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेरा रात्री वाजवलं, 237 गाणी, एकही पुन्हा नाही.

पण याला शेकडो गाणी कायम हातात तयार ठेवावी लागतात, आणि अवाढव्य पडदे, मनगटावरचे दिवे वगैरे सोडून द्यावं लागतं. मधली वाट मेटालिकाने एप्रिल 2023 मध्ये ॲमस्टरडॅमपासून सुरू केलेल्या दौऱ्यात काढली. एका शहरात दोन रात्री, प्रत्येकी सोळा गाणी, आणि पहिल्या रात्रीचं एकही गाणं दुसऱ्या रात्री नाही. तिकीट एकाच रात्रीचं असेल तर निम्मी गाजलेली गाणी हुकणार, हा त्यातला तोटा. तरीही एखाद्या बँडला श्रोत्यांची कदर आहे की नाही हे मी एकाच गोष्टीवरून जोखेन: यादीतल्या किमान दोन जागा रोज बदलतात का?

वन्स मोअर खरं की ठरवलेलं?

आपल्या संगीत नाटकात वन्स मोअर म्हणजे तेच पद पुन्हा. बालगंधर्वांच्या काळात श्रोते एकेका पदाला इतके वन्स मोअर देत की नाटक पहाटेपर्यंत चाले. रॉकमधला एन्कोअर वेगळा. बँड आत जातो, परत येतो आणि न वाजवलेली गाणी वाजवतो. ती कागदावर रेघेखाली आधीच छापलेली असतात. हे ठरवलेलं आहे, पण निरुपयोगी नाही. गायकाला दोन मिनिटं घसा ओला करता येतो, ड्रमरचे मनगट मोकळे होतात.

खूण एकच लक्षात ठेवा. मैदानावरचे मोठे दिवे लागले नाहीत तोवर हलू नका. दिवे लागले आणि ध्वनिक्षेपकावर दुसऱ्याच कुणाचं गाणं सुरू झालं की कार्यक्रम संपला. घड्याळ फार पुढे गेलं असेल तर रेघेखालचं एखादं गाणं कापलं जातं, म्हणून दहाच्या अलीकडे आलात की आशा थोडी आवरती घ्या.

यादी आधी बघावी का, आणि कशी वाचावी

सेटलिस्ट डॉट एफएम या संकेतस्थळावर चाहते प्रत्येक कार्यक्रमाची यादी भरतात. ज्यांना आश्चर्य हवं असतं त्यांनी तिकडे फिरकू नये. ज्यांना हुरहुर सहन होत नाही त्यांनी शेवटच्या एकाच कार्यक्रमाची यादी बघू नये, किमान सहा बघाव्यात. शेजारी शेजारी ठेवा. सहाही ठिकाणी एकाच क्रमांकावर असलेली गाणी तुम्हाला मिळणारच. जिथे दर वेळी वेगळं नाव दिसतं, ती बदलती जागा. तुमचं आडवळणाचं गाणं आलं तर तिथेच येईल. त्या जागी गेल्या महिनाभरात ते एकदा तरी वाजलं असेल तर गिटार सोबत आहे, जुळणी तयार आहे, सराव झालेला आहे. एकदाही नसेल तर आशा सोडून द्या. महोत्सवातल्या याद्या या हिशोबातून वगळा, त्या आखूड असतात.

फर्माईश करायचीच असेल तर

ओरडून उपयोग नाही. गायकाच्या कानात मॉनिटर, म्हणजे बँडचाच आवाज ऐकवणारे इअरफोन असतात, तुमचा आवाज त्याला ऐकूच जात नाही. फलक दिसतो. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन तर श्रोत्यांतले फलक गोळा करून त्यातलं गाणं निवडत. फलक ए-थ्री आकाराचा पुरे, पांढऱ्यावर काळी जाड अक्षरं, तीन शब्दांच्या आत, मागच्यांना दिसेनासं होणार नाही इतकाच वेळ वर धरायचा, तोही दोन गाण्यांच्या मध्ये. मैदानात फलक नेऊ देतात का हे तिकिटावरच्या नियमांत आधी बघून घ्या. काठी बहुतेक ठिकाणी दारावरच काढून घेतात. आणि गाणं निवडताना असं निवडा जे चौघांना दिव्यांशिवाय, संगणकाशिवाय, त्या क्षणी गळ्यात असलेल्याच गिटारवर वाजवता येईल.

कार्यक्रम संपला की पुढच्या कठड्याशी पाच-दहा मिनिटं थांबून बघा. तंत्रज्ञ मंचावरचं सामान गुंडाळायला येतात, जमिनीवरचा तो कागद चिकटपट्टीसकट उपटतात आणि पुष्कळदा समोरच्या हातांत देतात. बुटांचे ठसे उमटलेला, घामाने अक्षरं फुटलेला. त्यावर एखादं गाणं पेनाने खोडलेलं असतं आणि शेजारी घाईघाईत दुसरं लिहिलेलं.